पन्नास वर्षं आधीचं उत्तर

मंडळी, आपल्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचं डॉक्युमेंटेशनसुद्धा कोणी उघडत नाही. म्हणूनच आज १९५४ सालच्या एका छोट्या तक्त्याची गोष्ट सांगतो.

त्या साली बेल लॅब्जमधून चार्ल्स स्मिथ यांचा एक पेपर आला. सिलिकॉनच्या स्फटिकाला ताण दिला की त्याचा विद्युतरोध किती बदलतो, हे त्यांनी मोजलं होतं. त्यातून प्रेशर सेन्सर वगैरे निघाले. ट्रान्झिस्टरवाल्यांना मात्र तेव्हा याची गरज नव्हती. वेग हवा? आकार लहान करा, झालं!

पुढे नुसतं लहान करून भागेना. १९९२ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरावर सिलिकॉन वाढवून ते दोन्ही दिशांना ताणलं. इलेक्ट्रॉन जोरात पळाले. होल्सचा फायदा मात्र गेटचं व्होल्टेज वाढलं की विरून जायचा. आणि सीमॉसमध्ये तर दोघंही लागतात.

आता गंमत बघा. स्मिथ यांच्या तक्त्यात पी-टाइप सिलिकॉनचे तीन आकडे आहेत : ६.६, -१.१ आणि १३८.१. दोन्ही दिशांना ताण दिला तर पहिल्या दोघांची बेरीज लागू होते, म्हणजे फक्त ५.५. पण एकाच दिशेनं, स्फटिकाच्या घनाकृतीच्या पृष्ठभागावरच्या कर्णाच्या रेषेत दाबलं तर तिघांच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे ७१.८! तेरापट. आणि नेहमीच्या वेफरवर ट्रान्झिस्टरचा चॅनल त्याच कर्णाच्या दिशेनं असतो.

२००३ मध्ये इंटेलनं ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये नेमकं हेच केलं. सोर्स-ड्रेनच्या जागी खाचा पाडून त्यात सिलिकॉन-जर्मेनियम भरलं आणि मधला ४५ नॅनोमीटरचा चॅनल दोन्ही टोकांकडून दाबला. होल्सची मोबिलिटी ५० टक्क्यांहून जास्त वाढली.

आता मोठ्या ताणाला हे सरळ रेषेचं गणित पुरत नाही, तिथे बँड स्ट्रक्चरच मांडावं लागतं. शिवाय मोबिलिटी ही कल्पनाच मुळात भरपूर टकरा गृहीत धरते, आणि इतक्या आखूड चॅनलमध्ये टकरा होतातच किती? यावर पर्ड्यूच्या मार्क लुंडस्ट्रॉम यांनी दाखवलं, की सोर्सजवळचा छोटासा तुकडाच करंट ठरवतो. तिथल्या टकरा कमी झाल्या की करंट वाढतो, म्हणून जुनी मोबिलिटी अजून उपयोगी पडते.

थोडक्यात काय, मॉडेल कितीही भारी असलं तरी कुठे बघायचं ते आधी कळावं लागतं. इथे ती जागा तीन आकड्यांत पन्नास वर्षं पडून होती.

असो. सोमवारी ऑफिसात एखादी जुनी फाइल डिलीट करण्याआधी एकदा उघडून बघा.