काकांची पाच नाणी

ही नोंद बरेच दिवस लिहायची होती. मैत्रिणीला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, लिही, फक्त नावं घालू नकोस आणि पप्पांच्या मराठीवर विनोद करू नकोस. दोन्ही अटी मान्य करून लिहिते आहे.

ती आमची ठाण्याची शेजारीण. बेने इस्रायली. आमच्या घरी गौरी-गणपतीला तिची आई मदतीला आणि त्यांच्या घरी मलिदा असला की नारळ खोवायला माझी आई, असं आमचं लहानपण गेलं. नव्वदच्या दशकात ते सगळे इस्रायलला गेले आणि अश्दोदला स्थायिक झाले. तिचे वडील, म्हणजे काका, अजूनही फोनवर पहिलं वाक्य "काय गं, जेवलीस का?" हेच म्हणतात.

२०१६ साली तिला मुलगा झाला. लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मधली वर्षं इंजेक्शनं, सोनोग्राफ्या आणि 'या वेळी नाही' हे शब्द ऐकण्यात गेली. इस्रायलमध्ये दोन मुलं होईपर्यंत, बाईच्या वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत, आयव्हीएफचा खर्च सरकारी आरोग्ययोजनेतून होतो. ऐकायला स्वर्ग वाटतो. ती म्हणायची, पैसे लागत नाहीत म्हणून थांबायचं निमित्तही मिळत नाही. (मी इथे कर्जाचे हप्ते फेडत होते, त्यामुळे हे वाक्य मला तेव्हा फारसं पटलं नाही. आता थोडं पटतं.)

मुलगा झाला तेव्हा काकांनी कपाटातून एक डबी काढली. आत पाच नाणी. इस्रायल सरकारने १९७० च्या दशकात खास 'पिद्योन हाबेन' या विधीसाठी चांदीची नाणी काढली होती. पिद्योन हाबेन म्हणजे थोरल्या मुलाला सोडवून घेणं. १९७० चं दहा लिराचं नाणं २६ ग्रॅमचं, त्यात नव्वद टक्के चांदी. पाच नाणी मिळून ११७ ग्रॅम शुद्ध चांदी. काकांनी ती जुन्या नाण्यांच्या दुकानातून, मुलीच्या लग्नानंतर लगेच घेऊन ठेवली होती. दहा वर्षं ती डबी कोणाला दाखवली नव्हती.

आता हे 'सोडवून घेणं' काय आहे ते सांगते. इजिप्तमधून सुटका होताना इजिप्शियनांची थोरली मुलं मेली, इस्रायलींची वाचली. म्हणून थोरला देवाचा. पुढे सोन्याच्या वासराचं प्रकरण झालं आणि देवाच्या सेवेचा मान थोरल्यांकडून लेवींच्या कुळाकडे गेला. बायबलच्या गणना या पुस्तकात याचा चक्क हिशेब आहे. एक महिन्यावरचे थोरले मुलगे २२,२७३, लेवी २२,०००. माणसाला माणूस लावून बदली केली आणि २७३ उरले. त्यांचे प्रत्येकी पाच शेकेल, एकूण १,३६५. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनाही इतका चोख हिशेब जमलेला नाही.

तेव्हापासून पाच शेकेल, आणि वेळ एकतिसाव्या दिवशी. बाळाला नटवून चांदीच्या तबकात ठेवतात, भोवती बायका आपले दागिने मांडतात. समोर कोहेन, म्हणजे आरोनच्या कुळातला पुरोहित. तो बापाला विचारतो, तुला मुलगा हवा की पैसे? बाप नाणी देतो, कोहेन ती बाळाच्या डोक्यावरून फिरवतो, आशीर्वाद देतो, मग जेवण. साखरेचे खडे आणि लसणाच्या पाकळ्या पाहुण्यांना घरी न्यायला देतात, म्हणजे पुण्य वाटलं जातं. आपल्याकडेही मूल जगावं म्हणून दुसऱ्याच्या ओटीत घालून, चार पैसे देऊन परत 'विकत' घ्यायचे आणि नाव ठेवायचे धोंडू. कारण वेगळं आहे, पण पैसे मोजताना आईबापाच्या पोटात जे होत असेल ते फार वेगळं नसावं.

बेने इस्रायलींमध्ये परंपरेने कोहेन नाहीत. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले हे लोक. सुंता, शब्बाथ, शेमाची प्रार्थना जपली, पण पुरोहितकुळ नव्हतं. त्यांच्यात थोरल्यासाठी, किंवा उशिरा झालेल्या मुलासाठी, दुसरी वाट होती: नवस. हन्नाने शमुवेलासाठी बोलला तसा. मूल होत नसलेली बाई बोलायची, मुलगा झाला तर सहा-सात वर्षं त्याच्या केसांना कात्री लावणार नाही. मुदत संपली की जावळ काढून केसांच्या भारोभार चांदी किंवा सोनं दानपेटीत. हाइम केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात याची नोंद आहे. मला हे वाचताना एकदम घरचं वाटलं. तोलायची ती चांदीच, फक्त कोहेनऐवजी तराजू.

काकांना मात्र नवस नको होता, पुस्तकातला विधी हवा होता. त्याचं कारण जुनं आहे. त्यांचे थोरले भाऊ पन्नासच्या दशकातच तिकडे गेले होते. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी नियम केला, की बेने इस्रायलीशी दुसऱ्या यहुद्याचं लग्न लावताना आधीच्या पिढ्यांची चौकशी करायची. बायकामुलांसकट माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ साली प्रकरण मिटलं, सगळ्या बाबतींत ते बरोबरीचे यहुदी ठरले. कागदावर. काकांच्या घरात ती गोष्ट पन्नास वर्षं मिटली नव्हती. कोहेनच्या समोर आपला नातू तबकात, हे चित्र त्यांना का हवं होतं, ते सांगायला नकोच.

हॉल ठरला. कोहेन ठरला. मग रब्बींचा फोन आला, नेहमीचे प्रश्न विचारायला. वडील किंवा आजोबा कोहेन, लेवी? नाही. सिझेरियन? नाही. याआधी कधी दिवस गेले होते का?

गेले होते. २०११ मध्ये, पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा काका ठाण्याचा फ्लॅट विकायला भारतात आले होते. हृदयाचा त्रास नुकताच सुरू झालेला, म्हणून त्यांना सांगितलं नाही. मग परत आल्यावर कसं सांगायचं म्हणून सांगितलं नाही. मग पाच वर्षं झाली.

इथे शास्त्राचा बारीक मुद्दा आहे. वारसाहक्कासाठी बापाचा थोरला, पण कोहेनसाठी आईचा थोरला: ज्याने तिची कूस उघडली तो. हा भेद मिश्नाच्या बखोरोत या भागात स्पष्ट आहे. म्हणून सिझेरियनने झालेल्याला विधी नाही, आणि त्याच्या पाठच्यालाही नाही. थोरली मुलगी असेल तर पाठच्या मुलाला नाही. आणि आधीचा गर्भ अवयव दिसण्याइतका वाढून गेला असेल, तर कूस त्याने उघडली. तोच पहिला.

चाळीस दिवसांच्या आतलं मात्र मोजत नाहीत. ते नुसतं पाणी, असं तालमूद म्हणतो. आता हे चाळीस दिवस गर्भधारणेपासूनचे. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीपासून, म्हणजे दोन आठवडे जास्त धरून. तेव्हा त्यांच्या भाषेत साधारण पावणेआठ आठवडे. एरवी या हिशेबात अंदाज असतो, आयव्हीएफमध्ये तारीख फाईलवर लिहिलेलीच असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आखलेली रेघ आणि प्रयोगशाळेतली नोंद एकमेकींना इतकी नेमकी भेटते याचं मला नवल वाटतं. पुढचे प्रश्न आणखी अवघड आहेत. बीज एकीचं आणि कूस दुसरीची असेल तर आई कोण, यावर रब्बींचं अजून एकमत नाही. भाड्याने घेतलेल्या कुशीत आधी तिची स्वतःची मुलं वाढलेली असतात, मग थोरला कोणाचा?

माझंही पहिलं सहाव्या आठवड्यात गेलं होतं. (नातेवाईक मंडळी, तुम्हाला हे इथेच कळतंय. फोन करू नका, मी ठीक आहे :) ) 'पाणी' हा शब्द मला लागला. मग हॉस्पिटलचा फॉर्म आठवला: गर्भारपणं किती, बाळंतपणं किती? दोन आणि एक. तो रकाना निदान दोन लिहू देतो. घरात सगळे मला पहिलटकरीण म्हणत होते आणि मी हो म्हणत होते.

मैत्रिणीने मला रात्री अकराला फोन केला. रब्बींना 'नाही' म्हटलं तर काय बिघडतं, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. ती म्हणाली, विधी चालेल गं, पण मग मी त्याला पुसून टाकलं असं होईल. आणि रब्बींपाशी खोटं बोलायचं, तेही आमच्या घरातून?

तिने रब्बींना खरं सांगितलं. ते म्हणाले, मग गरज नाही, हॉल रद्द करा. राहिले काका.

सकाळी चहाच्या वेळी तिने सांगितलं. काका उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि विचारलं, "कितवा महिना?"

"पाचवा."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

"मग थोरला तो," काका म्हणाले, आणि काकूंकडे बघून, "तुला माहीत होतं?" काकू काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही, असं ती सांगते.

एकतिसाव्या दिवशी घरी एलियाहू हानावीचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, पाच प्रकारची फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला नवस फेडायला जातात तेव्हा करतात तसाच. नाण्यांची डबी त्या दिवशी टेबलावर होती, मग परत कपाटात गेली. आधीच्या बाळाबद्दल काका पुन्हा काही बोलले नाहीत. पण नातवाचं वय कोणी विचारलं आणि 'तुमचा पहिला का?' म्हटलं, की ते "दुसरा" म्हणतात आणि पुढे काही सांगत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, वय झालं, चुकले.

पोहे ठाण्याचे होते. ओळखीचं कोणीतरी तिकडे जाणार होतं, त्याच्याबरोबर मीच पाठवले होते. जाडे. काकांना पातळ चालत नाहीत.