भाडेपावतीवरचं नाव



मुंबईच्या चाळींविषयी आपण बोलायला बसलो की गॅलरी आठवते, गणपती आठवतो, वाटीभर साखर उसनी मागायला येणारी शेजारीण आठवते. आज मात्र मी ट्रंकेत जपून ठेवलेल्या एका कागदाविषयी बोलणार आहे. तो कागद म्हणजे खोलीची भाडेपावती. तिच्यावर कोणाचं नाव आहे आणि ते तिथे का आलं, यात शंभर वर्षांचा इतिहास दडला आहे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी 1850च्या दशकात सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी असं गिरणगाव वाढत गेलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली ती बहुतेक एकटे पुरुष. बायको-मुलं गावी शेतीपाशी आणि पुरुष गावकीच्या खोलीत. एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी पथारी टाकायचा. अशी खोली पुरुषाच्याच नावावर असणार, हे उघड होतं. शहरात तेव्हा बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास होती.

1896 साली प्लेग आला. दाट वस्तीत तो झपाट्याने पसरला, म्हणून 1898 मध्ये सरकारने सुधार मंडळ नेमलं. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि काही चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये विकास खातं आलं आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 बीडीडी चाळी उभ्या केल्या. खोली एकशेसाठ चौरस फुटांची, एका चाळीत ऐंशी खोल्या, संडास सामाईक.

याच खोल्यांत हळूहळू संसार आले. बाई गावाहून आली आणि तिने त्या दहा-बारा फुटांत स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, शिकणाऱ्या मुलाची अभ्यासिका आणि पाहुण्यांची बैठक असं सगळं बसवलं. खोली अपुरी पडली तेव्हा तिने गॅलरी घरात घेतली. धान्य निवडणं, पापड वाळत घालणं, पोर झोपवणं, हे सगळं तिथेच.

चाळ ही बायकांची कमाईचीही जागा होती. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या गिरणगावात घरोघर होत्या. दहा-पंधरा जणांचे डबे त्या एका खोलीतून भरत. संपाच्या काळात त्यांनी उधारीवर जेवण घातलं. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. त्याआधी 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. त्यातूनच लिज्जत उभं राहिलं. म्हणजे बघा, गच्ची सामाईक होती म्हणून उद्योग उभा राहिला. आजच्या बंद दाराच्या इमारतीत तशी गच्ची मिळाली असती का?

आता पावतीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर रोखली. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. गरिबाला त्याचा मोठा आधार झाला. पण महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं आणि घरमालकाने डागडुजी सोडून दिली. जिने खचले, छतं गळू लागली. शेवटी 1969 मध्ये जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावं लागलं.

दुसरीकडे पागडी वाढली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घ्यायचा आणि त्यातला ठरलेला हिस्सा मालकाला देऊन पावतीवरचं नाव बदलून घ्यायचा. 1947 चा कायदा याला गुन्हा मानत होता, तरी व्यवहार राजरोस चालले. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली. तोवर महिना काही रुपये भाड्याच्या खोलीचा हक्क लाखांच्या घरात गेला होता.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बहुतेकांचं काम कायमचं गेलं, पण खोली राहिली. मग गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि सगळ्यांचं लक्ष चाळींच्या जमिनीकडे वळलं. पुनर्विकासात भाडेकरूची संमती लागते, नवं घर भाडेकरूला मिळतं. आणि भाडेकरू कोण? ज्याचं नाव पावतीवर आहे तो.

इथेच आपला प्रश्न उभा राहतो. चाळीस वर्षं जिने खोली सांभाळली तिचं नाव कुठेच नाही. नवरा वारला की पावती रिवाजाने थोरल्या मुलाच्या नावावर होते. कायदा मात्र तसं म्हणत नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी कुटुंबातली कोणीही व्यक्ती हक्क सांगू शकते, एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं. म्हणजे विधवा पत्नी, सोबत राहणारी लेकसुद्धा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात. चाळीच्या पावतीवर मात्र बऱ्याच ठिकाणी अजून एकाच पुरुषाचं नाव असतं.

म्हणून मैत्रिणींनो, आज संध्याकाळी ती ट्रंक उघडा. पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा. रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल यांवर तुम्ही त्याच पत्त्यावर राहता हे दिसतं का ते तपासा, कारण राहण्याचा पुरावा तोच असतो. भाडं भरलं की पावती मागून घ्या, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. नाव बदलायचं असेल तर घरात मोकळेपणाने बोला, तेही सगळी माणसं हयात असताना. आणि पुनर्विकासाच्या सभेला नवऱ्याला किंवा मुलाला एकट्याला पाठवू नका. नव्या इमारतीत पापड वाळवायला गच्ची असेल का, म्हाताऱ्यांना बसायला ओटा असेल का, देखभालीचा खर्च महिन्याला किती येईल, हे प्रश्न तिथे तुम्हीच विचारणार आहात.