टेलीफोटोतली गर्दी आणि जालन्याचं बेथेल

मागच्या महिन्यात आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक फोटो फिरला. पत्र्याचं शेड, आत डोक्याला डोकं लागलेली माणसं, पुढे बायबल घेऊन उभा एक जण. खाली लिहिलेलं, शेकडोंचं धर्मांतर सुरू, प्रशासन झोपेत. मला तो सोळा जणांनी पाठवला. बातमी करायची म्हणून पुढच्या रविवारी गेलो. सतरंजीवर सहा रांगा, रांगेरांगेत चांगलं हात-दीड हात अंतर, मोजून त्रेचाळीस माणसं. निम्मी जन्मापासूनची ख्रिस्ती. बाकीच्यांत कुणाची सून आजारी, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नव्हती.

आता गंमत अशी की फोटो खोटा नव्हता. कुणी एडिट केला नव्हता. रस्त्यापलीकडून, मोठा झूम लावून काढला होता, एवढंच. आमच्या धंद्यातल्या प्रत्येक फोटोग्राफरला हे माहीत असतं. लांब उभं राहिलं की पहिली आणि शेवटची रांग आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येते. टेलीफोटो तेवढाच तुकडा उचलून मोठा करतो आणि मधली मोकळी जागा गायब होते. चांगल्या हातात ही कलाच आहे. मकबऱ्याच्या घुमटामागे परातीएवढा चंद्र दिसणारे फोटो तुम्ही लाइक करता ना, ते असेच लांबून काढलेले असतात. गोगाबाबाच्या टेकडीवरून मोठी लेन्स लावली तर मकबरा आणि मागचं शहर एकमेकांना चिकटतं. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, डेन्मार्कच्या दोन फोटोग्राफरांनी त्याच त्या माणसांचे टेलीफोटोने आणि वाइड लेन्सने असे दोन्ही फोटो काढून छापले होते. एकात नुसती झुंबड, दुसऱ्यात सगळे नियम पाळून उभे.

धर्मांतराच्या इतिहासाचंही आपण नेमकं हेच करून ठेवलंय. लांबून बघितलं की इंग्रज सरकार, गोरा पाद्री, पैसा, भोळा गरीब सगळे एका फ्रेममध्ये चिकटलेले दिसतात. तर जरा जालन्याला जाऊ. इथून साठेक किलोमीटर.

जालन्यात ज्यांनी हे काम उभं केलं, ते रेव्हरंड नारायण शेषाद्री. गोरे नव्हते, ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो अल्पवयीन, म्हणून वडील कोर्टात गेले. कोर्ट इंग्रजांचं होतं, तरी पोरगा बापाच्या ताब्यात द्या असा निकाल झाला. पुढचा पेच मोठा होता. मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं कसं? प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून पुढे झाले बाळशास्त्री जांभेकर. होय, 'दर्पण'वाले, ज्यांच्या फोटोला आम्ही पत्रकार ६ जानेवारीला हार घालतो. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले, सनातनी मंडळी बाळशास्त्रींवरच उलटली. पत्रकार दिनाच्या भाषणांत हे प्रकरण मी तरी कधी ऐकलं नाही. शाल-श्रीफळात वेळ जातो.

नारायण मात्र परतले नाहीत. १८६० नंतरच्या काळात ते जालन्याला आले. हा मुलूख इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता. इंग्रजी छावणी होती, पण जमीन आणि महसूल हैदराबादच्या हातात. दिवाण होते पहिले सालारजंग. जालन्याजवळ वस्ती वसवायला शेषाद्रींना जमीन मिळाली ती त्यांच्याकडून. तिथे चर्चभोवती जे गाव उभं राहिलं त्याचं नाव बेथेल, म्हणजे देवाचं घर. राहायला आले ते मुख्यतः मातंग, तेव्हाच्या कागदांत मांग. बघा म्हणजे, मुसलमान दिवाणाच्या जमिनीवर ब्राह्मण पाद्रीने मातंगांचं ख्रिस्ती गाव वसवलं. एका फ्रेममध्ये बसवून दाखवा. आपल्या शहरातही चर्च मिशनरी सोसायटीचं काम वर्षानुवर्षं पाहिलं ते रतनजी नौरोजी यांनी. ते जन्माने पारशी.

जमिनीसाठी आले असतील का लोक? काही आले असतीलच. ज्याला गावात वेशीबाहेर टाकलंय, त्याला कुणी राहायला जागा, मुलांना शाळा आणि शेजारी बसायला सतरंजी दिली तर तो श्रद्धेने आला की गरजेने, हे निवडून काढता येत नाही. आणि हा प्रश्न नेहमी त्यालाच विचारला जातो, हेही मला खटकतं. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने निबंध लिहिला, आम्हाला वेद वाचायची बंदी, तर आमचा धर्म कोणता ते तरी देवा सांग, अशा अर्थाचा. तो छापला कुठे? अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'मध्ये, मिशनऱ्यांच्याच पत्रात. बेथेल त्यानंतर काही वर्षांनी वसलं.

मिशनवाल्यांची बाजू घेतोय असं वाटत असेल तर तेही सांगतो. त्यांची स्वतःची दुर्बीण होतीच. स्कॉटलंडला जाणाऱ्या अहवालांत माणसं बहुतेकदा आकडा होऊन जातात, यंदा इतके बाप्तिस्मे, इतके सभासद. आपल्या देवाधर्माबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंच वाचवत नाही. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेला गेले तर तिथल्या लोकांच्या नजरेत भरलं ते त्यांचं पागोटं. इथे बाटगा, तिथे पागोटेवाला. १८९१ मध्ये परदेशातून येताना बोटीवरच गेले. योगायोग म्हणजे टेलीफोटो लेन्स निघाली तीही १८९१ चीच. इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत मीटे व श्टाइनहाइल यांनी ती वेगवेगळी शोधली.

त्या शेडमधल्या रविवारी नंतर चहा झाला. एका बाईने विचारलं, दादा, फोटोत माझं तोंड स्पष्ट दिसतंय, गावात पिठाच्या गिरणीवर लोक बोलायचे बंद झालेत, तो काढून टाकता येईल का? मी म्हटलं, मावशी, एकदा फिरला की नाही निघत. तिने बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेणार का, हे मी विचारलं नाही.

जालन्याकडचं कुणी वाचत असेल तर बेथेलचे जुने फोटो, कागद, आजी-आजोबांच्या आठवणी इनबॉक्समध्ये पाठवा. मोबाईलवर काढलेले चालतील. फक्त जवळ जाऊन काढा.