बीड जिल्हा : ऊर्जासंक्रमण व खनिजे

मराठवाड्यातील या जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही. तरी परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे राज्याच्या वीजनिर्मितीत त्याला १९७१पासून स्थान आहे. कोळसा रेल्वेने बाहेरून येतो.

परळी केंद्र : आरंभी ३० मेगावॉटचे दोन संच, पुढे १९८०, १९८५ व १९८७मध्ये २१० मेगावॉटचे तीन. हे पाचही निवृत्त झाले. २००७, २०१० व २०१६चे प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच ‘महानिर्मिती’ ही राज्य शासनाची वीजनिर्मिती कंपनी चालवते.

पाणी : या केंद्राचा इतिहास कोळशापेक्षा पाण्याने घडवला आहे. पाणी परभणी जिल्ह्यातील गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. बंधारा आटला की माजलगाव किंवा जायकवाडी धरणातून सोडावे लागते. संच थंड ठेवताना बरेच पाणी शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन जाते. २०१५च्या केंद्रीय निकषानुसार जुन्या संचांना मेगावॉट-तासाला कमाल ३.५ घनमीटर पाण्याची मुभा आहे. त्या हिशेबाने ७५० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चालवल्यास दिवसाला सुमारे ६.३ कोटी लिटर. फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्याअभावी तेव्हाचे ११३० मेगावॉट क्षमतेचे सारे केंद्र बंद पडले. २०१५मध्ये पुन्हा तीच वेळ आली. टँकरवर जगणाऱ्या गावांचा हक्क अशा वेळी पहिला, हे उघड आहे. पवनचक्की व सौर पॅनेल यांना शीतकरणाचे पाणी लागत नाही. अवर्षणप्रवण बीडपुरता कोळशाकडून पवन व सौर ऊर्जेकडे होणाऱ्या संक्रमणाचा सर्वांत सबळ आधार हाच आहे.

राख : विटा व सिमेंटसाठी उचलली जाते. वाहतुकीतील धुळीबाबत परिसरातील गावांच्या तक्रारी आहेत.

पवनऊर्जा : बालाघाटाच्या पठारावर, विशेषतः पाटोदा भागात, पवनचक्क्या उभ्या आहेत. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे (ता. केज) सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाकडे खंडणी मागितल्याच्या प्रकरणाशी तपास यंत्रणेने तिचा संबंध जोडून आरोपपत्र दाखल केले.

सौरऊर्जा : कृषिपंपांसाठी राज्य शासनाच्या योजना राबवल्या जातात.

खनिजे : जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला असून मुख्य उपयोग बांधकामाच्या दगडाचा. केंद्र सरकारने २०२३मध्ये ३० खनिजे अत्यावश्यक ठरवली. त्यांतील गॅलियम व विरल मृत्तिका कोळशाच्या राखेत अल्प प्रमाणात आढळतात आणि त्या वेगळ्या काढण्याचे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. या दृष्टीने परळीची राखतळी तपासण्याजोगी आहेत.