देवणी गोवंशातील काळ्या-पांढऱ्या वर्णाचा विरोधन्यास : एक ऐतिहासिक विचार

दोन भिन्न वर्ण शेजारी आले म्हणजे प्रत्येकाची तीव्रता बदललेली भासते. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेतील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या छटांत असल्याचे त्यांना आढळले. त्यातून निघालेला नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. हे तत्त्व चित्रकलेपुरतेच मर्यादित आहे असे मात्र नाही.

लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव गोवंशामुळे सर्वदूर परिचित आहे. निजामी राजवटीत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर मराठवाड्यासह मुंबई राज्यात आला व बीदर म्हैसूर राज्यात गेले. गुरे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून सुमारे दोनशे वर्षांत हा वंश घडला, असे सामान्यतः मानले जाते. कपाळाची ठेवण व लोंबते कान गीरची आठवण देतात, तर अंगावरील ठिपके डांगीची.

या वंशाचे तीन उपप्रकार पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. अंग पांढरे व चेहऱ्याच्या बाजू काळसर तो वानेरा. शरीराच्या खालच्या भागावर काळे ठिपके तो बालंक्या. सर्वांगावर अनियमित काळे डाग तो शेवरा. म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा कोठे पडला, एवढ्यावरच हे वर्गीकरण उभे आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी गुरांत तांबड्या रंगाच्या फिक्या-गडद छटा आढळतात. तेथे तफावत आहे, विरोध नाही.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात संकरीकरणासाठी होल्स्टीन फ्रीजियन वळूंचा वापर वाढला आणि या चिन्हाचे मूल्यच पालटले. ती विदेशी जातही काळी-पांढरीच! जो वर्णविरोध लाल कंधारीपासून देवणीला क्षणात वेगळे करीत असे, तोच आता संकरित जनावराला देवणीचा आभास देऊ शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, पैदाशीचा वळू निवडताना ठसठशीत डागांना दिले जाणारे महत्त्व म्हणूनच घातक ठरू शकते. होल्स्टीनला वशिंड नसते, कान आखूड असतात व गळ्याखालची पोळीही देवणीसारखी भरदार नसते. शिवाय वळूची आई व आजी कोणत्या गोठ्यातील, हे रंगावरून कळत नाही.