घरचं मडकं आणि देशाची राज्यघटना

बंगळुरू, इंदूर आणि बडोदा अशा तीन ठिकाणच्या श्रोत्यांनी एकच प्रश्न पाठवला आहे. घरी बिअर बनवायची आणि छोट्या पिंपाला तोटी लावून ती थेट ग्लासात घ्यायची, हा अमेरिकेतला छंद आपल्याकडे कसा सुरू करता येईल? बडोदेकरांचं धाडस मोठं आहे, कारण गुजरातेत दारूबंदी आहे. पण बाकीच्या दोघांनीही सामान मागवण्याआधी आपल्या राज्याचा अबकारी कायदा वाचावा. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते विकायचं असो वा स्वतः प्यायचं.

घरच्या बिअरचा इतिहास बघितला तर त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. स्वयंपाकघरातल्या मडक्यावर हुकूम कोणाचा, घराचा की सरकारचा?

आधी कृती थोडक्यात समजून घेऊ. जवाला मोड आणून ते वाळवायचं, म्हणजे माल्ट झालं. ते भरडून साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठुळ भागाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्सची फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. भांड्यांची स्वच्छता सांभाळली, तर निम्मं काम झालं. शेवटी बिअर पिंपात भरून गॅसचा दाब दिला की तोटीतून फेसाळ बिअर येते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी यासाठी शीतपेय कंपन्यांची जुनी, सुमारे १९ लिटरची स्टीलची पिंपं वापरायला सुरुवात केली. कंपन्यांनी नवी पद्धत आणल्यावर ती स्वस्तात मिळू लागली होती.

पण त्याच अमेरिकेत हा छंद कित्येक वर्षं बेकायदा होता. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली, १९३३ मध्ये ती उठली. घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, घरगुती बिअरला मात्र मिळाली नाही. ती मिळायला १९७८ साल उजाडलं. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. तरीही राज्यांचे कायदे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागत असे, तो १९६३ मध्ये रद्द झाला.

आता आपल्या देशात या. इथे घरची बिअर हा छंद नव्हता, तो रोजच्या जगण्याचा भाग होता. झारखंडात तांदळाची हंडिया, लडाखमध्ये जवाची छांग, अरुणाचलात आपोंग. सिक्कीमच्या तोंग्ब्यात तर आपली नाचणीच असते. आंबवलेली नाचणी भांड्यात भरायची, वर गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या नळीने ओढायचं. नळीच्या तळाशी बारीक चिरा असतात, त्यामुळे दाणे तोंडात येत नाहीत. मेसोपोटेमियाच्या प्राचीन मुद्रांवर माणसं मडक्यातून अशीच लांब नळ्यांनी पिताना दिसतात. तोटीच्या आधीची ही तोटीच म्हणायची.

ईशान्येत नेमणुकीवर असताना आसामच्या डोंगरांत मी दिमासा लोकांची जुदिमा पाहिली. शिजवलेला भात गार करून त्यात झाडाची साल घातलेल्या विरजणाच्या वड्या कुस्करतात आणि काही दिवस झाकून ठेवतात. गावच्या बायका हे काम करत होत्या. किती भात लावायचा आणि मडकं कधी उघडायचं हे त्याच ठरवत होत्या. २०२१ मध्ये जुदिमाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या बायका आठवल्या.

इंग्रजी अंमलात महसुलासाठी दारूवर पकड आली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. फूल जंगलाचं, भूक आदिवासीची आणि हिशेब सरकारचा.

मग आली संविधान सभा. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीचं उद्दिष्ट मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यावर चर्चा झाली. कोल्हापूरचे प्रतिनिधी बी. एच. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने विरोध केला. १९२८ च्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कर्णधार जयपाल सिंह मुंडा आदिवासींच्या वतीने उभे राहिले. तांदळाची बिअर आमच्या धार्मिक विधींचा भाग आहे, आणि दिवसभर गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या संथाळाला तिचाच आधार असतो, असं त्यांनी बजावलं. उत्तरात डॉ. आंबेडकरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हे तत्त्व केव्हा अमलात आणायचं याचं स्वातंत्र्य राज्यांना आहे, आणि आदिवासी भागांसाठी सहाव्या अनुसूचीत वेगळी तरतूद आहे.

दारूबंदीचं तत्त्व पुढे अनुच्छेद ४७ झालं. सहाव्या अनुसूचीचा परिच्छेद १२ मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. आसामच्या स्वायत्त जिल्ह्यांत, भट्टीवर न गाळलेल्या मद्याच्या सेवनावर बंदी किंवा निर्बंध घालणारा राज्याचा कायदा जिल्हा परिषदेच्या संमतीवाचून लागू होत नाही. म्हणजे कार्टर यांच्या सहीच्या २८ वर्षं आधी आपल्या राज्यघटनेने घरच्या मडक्याची दखल घेतली होती.

‘न गाळलेलं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भाताची बिअर बहुधा थोड्या दिवसांत आंबट होते. ती सहसा फार साठवता येत नाही, दूर नेऊन विकता येत नाही, त्यामुळे ती बहुतेक घराच्या आणि सणाच्या मापातच राहते. गाळलेली दारू टिकते, ट्रकने जाते, गुत्त्यात विकली जाते. तिथे घरातल्या बाईचा अधिकार संपतो आणि गुत्तेवाल्याचा सुरू होतो.

मी दारूचं गुणगान करतोय असं समजू नका. व्यसनाने खचलेले जवान आणि त्यांची घरं मी पाहिली आहेत. आपल्याच गडचिरोलीत, आदिवासी जिल्ह्यात, लोकांनी आंदोलन करून १९९३ मध्ये दारूबंदी आणवली. काहींना यात विरोधाभास दिसतो, मला दिसत नाही. दिमासांना मडकं हवं होतं, गडचिरोलीला नको होतं. दोन्हीकडे आवाज गावातूनच आला. १९९६ च्या पेसा कायद्यानेही पाचव्या अनुसूचीच्या भागात दारूबंदीचा किंवा नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींकडे असावा असं म्हटलं आहे.

तेव्हा बंगळुरू, इंदूर आणि बडोद्याच्या मित्रांनो, तुमच्या राज्यात घरगुती बिअरला परवानगी हवी असेल तर अमेरिकेचा दाखला देऊ नका. निवेदन लिहा, आणि त्यात जयपाल सिंहांचं २४ नोव्हेंबरचं भाषण आणि परिच्छेद १२ यांचा आधार घ्या. कायदा बदलेपर्यंत पिंप मात्र रिकामंच ठेवा.

जय हिंद.