ताकाओच्या टेकडीवरचा चहा

तैवानच्या दक्षिणेकडील काओशुंग बंदरात जुन्या मुखाने शिरणाऱ्या जहाजाला डाव्या हाताला एक लहानशी टेकडी लागते. तिच्या माथ्यावर लाल विटांची, कमानींच्या व्हरांड्याची एक बैठी इमारत उभी आहे. एकीकडे बंदरातील जहाजांची ये-जा, दुसरीकडे सिझिवानचा उपसागर आणि त्यात बुडणारा सूर्य, असे दुहेरी दृश्य येथून दिसते. ब्रिटिश वाणिज्यदूताचे हे एकेकाळचे निवासस्थान. आज इंग्रजी पद्धतीच्या दुपारच्या चहासाठी पर्यटक येथे आवर्जून येतात. चहा घ्यावा, छायाचित्रे काढावीत आणि उतरावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. मात्र या वास्तूचा अर्धा भाग टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि तो पाहिल्याशिवाय वरच्या व्हरांड्याचा अर्थ लागत नाही.

चुकलेले साल

बरीच वर्षे या इमारतीविषयी एक सुटसुटीत माहिती सांगितली जात असे. ती १८६५ मध्ये बांधली गेली, तैवानमधील आधुनिक पाश्चात्त्य वास्तूंत ती पहिली आणि रॉबर्ट स्विन्हो हा पहिला वाणिज्यदूत येथे राहत होता, अशी ती माहिती. ब्रिटिश सरकारी दप्तराचा अभ्यास झाल्यावर यातील बरेचसे गळून पडले. इमारत पूर्ण झाली ती १८७९ मध्ये. स्विन्होचे निधन १८७७ मध्ये लंडनमध्ये झाले होते आणि ताकाओ तर त्याने १८६६ मध्येच सोडले होते. म्हणजे ज्याच्या नावाने हा व्हरांडा ओळखला गेला, त्याने त्यात कधी पाऊलही ठेवले नाही. त्याच्या काळात दूतावासाचे काम भाड्याच्या जागेतून चाले.

दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. टेकडीवरील इमारत म्हणजेच दूतावास, हा समजही खरा नव्हता. वर होते ते निवासस्थान. कचेरी खाली, बंदराच्या काठाशी होती. दोहोंना जोडणारी दगडी पायऱ्यांची वाट आजही चालता येते.

वर निवास, खाली कोठडी

चीनच्या छिंग साम्राज्याशी १८५८ मध्ये झालेल्या तिआनजिनच्या तहानंतर तैवानची बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली. ताकाओ येथे १८६४ मध्ये जकातीची कचेरी सुरू झाली. ताकाओ हे काओशुंगचेच जुने नाव. या तहांनुसार ब्रिटिश प्रजाजनांवर चिनी कायदा चालत नसे. त्यांचे तंटे, कर्जे आणि गुन्हे यांचा निवाडा त्यांचाच वाणिज्यदूत करी. त्यामुळे त्याच्या कचेरीला दप्तरखान्याबरोबर कोठडीचीही गरज होती. जहाजावरून उतरून दंगा करणारे खलाशी खालच्या कोठडीत आणि साहेब टेकडीवरच्या वाऱ्यात, अशी ही मांडणी.

बांधकामाची आखणी ब्रिटिश सरकारच्या शांघाय येथील बांधकाम कचेरीने केली. विटा समुद्रापलीकडील अमॉय, म्हणजे आजच्या शियामेन, येथून आल्या. काम चिनी कारागिरांनी केले. काओशुंग कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने ऊन आणि पाऊस दोन्ही कडक. म्हणूनच चहूबाजूंनी खोल व्हरांडा आणि जमिनीपासून उंच उचललेले जोते. मुंबई-पुण्यातील जुने बंगले पाहिलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. ‘व्हरांडा’ हा शब्दच इंग्रजीत भारतातून गेला आणि ही बांधणी ब्रिटिशांबरोबर बंदरांमागून बंदरे ओलांडत पूर्वेकडे पोहोचली.

साखर येथली, चहा उत्तरेचा

टेकडीवर चहा घेताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. चहा हा या बंदराचा माल नव्हता. तैवानचा ऊलाँग चहा बेटाच्या उत्तरेस पिके आणि तामसुई बंदरातून बाहेर जाई. जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने १८६९ मध्ये ‘फोर्मोसा’ नावाने तो दोन जहाजांतून थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि तेथून त्याची कीर्ती पसरली. ताकाओचा माल होता साखर. दक्षिणेकडील उसाच्या शेतांतून येणारी साखर येथून प्रामुख्याने जपान आणि चीनच्या बंदरांकडे रवाना होई. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर कपातील चहा पाहुणा आणि साखर घरची.

आयातीचा हिशेब इतका गोड नव्हता. त्यात सर्वांत मोठी बाब अफूची होती आणि बनारसची भारतीय अफूही तीत होती. तहाच्याच वर्षी झालेल्या जकातविषयक कराराने ही आयात कायदेशीर ठरली होती. कापराचा तंटा तर तोफांपर्यंत गेला. कापराच्या व्यापारावरील चिनी अधिकाऱ्यांची मक्तेदारी ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुपत होती. १८६८ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी जवळच्या आनपिंगवर मारा केला आणि ती मक्तेदारी रद्द करून घेतली. त्यानंतर अकरा वर्षांनी टेकडीवरील हा बंगला उभा राहिला. त्याच्या शांत व्हरांड्यामागे हा सारा जमाखर्च आहे.

माकडांची टेकडी

स्विन्हो येथे राहिला नसला तरी त्याचा ठसा या परिसरावर आहे. १८३६ मध्ये कलकत्त्यात जन्मलेला हा अधिकारी हाडाचा निसर्ग अभ्यासक होता. तैवानमधील अनेक पक्षी आणि प्राणी त्याने प्रथम शास्त्रीय जगापुढे आणले. एक देखणा रानकोंबडा त्याच्याच नावाने ओळखला जातो. तैवानी माकडाचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्याचेच, १८६२ मधले. लगतच्या शौशान डोंगराला त्या काळचे युरोपीय ‘माकडांची टेकडी’ म्हणत. त्या माकडांचे वंशज आजही तेथे आहेत आणि पर्यटकांच्या हातातील खाऊ पळवण्यात तरबेज आहेत.

पडझड आणि पुनरुज्जीवन

१८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. साखरेचा धंदा हळूहळू जपानी कंपन्यांकडे वळला, ब्रिटिश व्यापाऱ्यांचे बस्तान उठले आणि १९१० च्या सुमारास दूतावास बंद पडला. १९२५ मध्ये वास्तू जपानी प्रशासनाकडे आली. पुढे तेथे सागरी निरीक्षणाचे काम चाले. दुसऱ्या महायुद्धात तिची हानी झाली. युद्धानंतर हवामान खात्याने ती वापरली. १९७७ च्या चक्रीवादळाने उरलेसुरले मोडले. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिची डागडुजी झाली आणि १९८७ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. खालची कचेरी मात्र विस्मृतीतच होती. तिचे जीर्णोद्धाराचे काम पूर्ण होऊन ती २०१३ मध्ये लोकांसाठी खुली झाली. म्हणजे वरच्या बंगल्यात लोकांचे येणे-जाणे सुरू झाल्यानंतर कोठडी दिसायला पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला.

कसे पाहावे?

काओशुंग मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेचे पश्चिमेकडील अखेरचे स्थानक हमासेन भागात आहे. तेथून बंदराच्या कडेने चालत टेकडीच्या पायथ्याशी पोहोचता येते. वाहनाने गेल्यास प्रवासी सिझिवानच्या बाजूने वर चढतो आणि खालची कचेरी राहून जाते. त्यापेक्षा आधी कचेरी पाहावी, मग पायऱ्यांनी वर यावे. जुलै ते सप्टेंबर हे चक्रीवादळांचे महिने. हिवाळा कोरडा आणि सुखद असतो. वर पोहोचल्यावर समोर छीजिन बेट आणि त्यावरील दीपगृह दिसते. गुशान धक्क्यावरून होडीने त्या बेटावर जाता येते आणि तेथून उलट ही टेकडी पाहता येते.

सूर्यास्ताची वेळ साधली तर व्हरांड्याच्या कमानींतून येणारा तांबूस प्रकाश विटांवर पसरतो. चहा तेव्हाच मागवावा. पायथ्याची कोठडी पाहून आलेल्या प्रवाशाला हा चहा कमी गोड लागेल असे नाही. पण त्यातील साखर कोठून आली आणि तिच्या मोबदल्यात काय आले, हे त्याला ठाऊक असेल.